सर, तुमची ती दणकट बाई

सर, तुम्हाला सरणावर ठेवताना भांडण झालं. खोटं नाही सांगत. तुमचे अचलपूरचे थोरले भाऊ म्हणाले, डोकं दक्षिणेला पाहिजे. सरण रचणारा म्हणाला, इथं आम्ही सगळ्यांना उत्तरेलाच ठेवतो. तुमच्या साडूंनी तिथल्या तिथं कोणाला तरी फोन लावला, तो लागेना. शेवटी कोणी तरी म्हणालं, वारा दक्षिणेकडून आहे, डोकं तिकडं केलं तर पायाशी उभ्या लोकांच्या तोंडावर सगळा धूर येईल, आणि उत्तर ठरली. लोक रडत होते, आणि मी तुमची एवढी जुनी विद्यार्थिनी मनातल्या मनात टिपत उभी होते: डोकं उत्तरेला, कारण वारा.

तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. आयुष्यभर आपण दोघांनी जमिनीतून उकरलेल्या जुन्या सांगाड्यांचं डोकं कुठं, पाय कुठं यावर पानंच्या पानं लिहिली, त्यातून त्या लोकांची श्रद्धा काढली, परलोकाची कल्पना काढली. भाऊ, साडू आणि वारा मात्र कोणत्याच खड्ड्यात सापडत नाहीत. ‘लिहून घे सुजाता,’ तुम्ही म्हणाला असता, ‘हे तुले कोन्या पुस्तकात नाही भेटनार.’ घेतलं लिहून. आज तुम्हाला जाऊन दहा दिवस झाले. आता बाकीचंही लिहिते, कारण ते तोंडावर सांगायचं राहून गेलं.

रविवारी कॉलेजात तुमची शोकसभा आहे. फलकाचा मजकूर मंजुरीसाठी माझ्याकडे आणला. तुमचा फोटो, खाली ठळक अक्षरांत ‘मायलेकराचे संशोधक’, आणि बाजूला त्या दोन सांगाड्यांचं चित्र. शिपाई उभा होता, सहीसाठी पेन पुढे करून. मी पेन घेतलं नाही. कारण तुम्हाला माहीत होतं आणि मला माहीत आहे, आणि कालपर्यंत जगात तिसऱ्या कोणालाही नव्हतं, की ती माय नव्हती.

तुम्हाला सांगायची गरज नाही, पण हे वाचणाऱ्यांसाठी सांगते. पूर्णाकाठचं गाव, खारपाणपट्टा, जिथं चहासुद्धा खारट लागतो. गावाबाहेर गोकर्णाबाईच्या शेतात एक पांढरं टेकाड. लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथली माती घरं सारवायला न्यायचे. त्या मातीत खापरं निघाली आणि तुम्ही आम्हा पोरांना घेऊन तिथं तंबू ठोकलेत. मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. तुमची मुक्ता चार वर्षांची. तिची आई ती दीड वर्षाची असतानाच गेली होती, घरी ठेवायला कोणी नाही, म्हणून तुम्ही तिला दुधाच्या पावडरीच्या डब्यासकट खोदकामावर आणलं होतंत. ती दिवसभर फुटक्या खापरांची भातुकली मांडायची आणि तुम्ही तिला ओरडायचात, ‘ते इसवी सनापूर्वीचं हाय वं, त्यात चिखल नको कालवू!’

तिथवर मी पोचले तीसुद्धा तुमच्यामुळे. माझ्या बापाचं म्हणणं होतं, पोरीला शिकवलं ते मढे उकरायला का? तुम्ही स्वतः अकोल्याला आलात. विहाराशेजारच्या आमच्या दोन खोल्यांत बसलात, आईच्या हातची झुणका-भाकर दोनदा मागून घेतलीत, आणि बाबांनी विचारलं, ‘यानं नोकरी लागन काय सर?’ तुम्ही म्हणालात, ‘ते काही सांगता येत नाही. पन हिचा हात हलका हाय. असा हात मले दहा वर्षांत पाहाले नाही भेटला.’ बाबा तुमच्याकडे बघतच राहिले. नोकरीची हमी न देता पोरगी मागायला आलेला असा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असेल. त्यांनी जाऊ दिलं.

या हलक्या हातानंच सगळा घोळ केला, सर.

तुमचा पहिला तास आठवतो. तुम्ही प्लास्टरच्या चार कवट्या टेबलावर मांडल्यात, माकडापासून माणसापर्यंत, आणि विचारलंत, माणूस माणूस कधी झाला? कोणी म्हणालं विस्तव, कोणी म्हणालं दगडाची हत्यारं, एक हुशार पोरगा म्हणाला भाषा. तुम्ही सगळ्यांना मान हलवून नाही म्हणालात. ‘मेलेल्याले तसंच टाकून पुढं जाववेना, तवा.’ मग मेळघाटात पाहिलेल्या वानरीची गोष्ट सांगितलीत, मेलेलं पिल्लू छातीशी धरून दिवसेंदिवस फिरणारी. तुमचं ठाम मत होतं की सगळं तिथून सुरू झालं. आईपासून. आईला पिल्लू टाकवेना, म्हणून पुढं कधी तरी माती उकरली गेली. ते ऐकून आम्ही पोरी तर एकदम भारावलो. त्याच चार कवट्या पिशवीत घालून तुम्ही रिक्षात बसलात तेव्हा रिक्षावाला उतरा म्हणाला. ‘अरे बाप्पा, प्लास्टरच्या हायेत, गनपतीसारख्या!’ तुम्ही म्हणालात. तो म्हणाला, ‘कोन्या गनपतीले असे दात रायते साहेब?’ आपण राजकमल चौकापासून पायी आलो.

तर टेकाडात ते दोघं सापडले. मोठं माणूस उजव्या कुशीवर, आणि त्याच्या छातीशी लेकरू, मोठ्याचा हात त्याच्या डोक्याखाली. कुंचल्यानं माती झाडत झाडत तो हात वर आला तेव्हा आम्ही सगळे खड्ड्यावर वाकलो. माय! हा शब्द कोणाच्या तोंडून आधी आला ते आठवत नाही. मी आजवर भाषणांत सांगत आले की घमेली वाहणाऱ्या गावच्या बायांनी तो उच्चारला. तुमच्या निबंधातही तसंच आहे. संध्याकाळपर्यंत गावात मायलेकरू झालं होतं. बाया नारळ घेऊन आल्या. पुढं तुमचा निबंध आला, तुमचं नाव झालं, पाठ्यपुस्तकात चौकट आली.

पण मोठ्याची कंबर काळ्या मातीच्या दाबानं चिरडली होती. कमरेच्या हाडाला मागच्या बाजूनं एक खाच असते. बाईची रुंद, पुरुषाची अरुंद. नेमकी तीच खाच मधून तुटलेली. दोघांना तिथंच पुन्हा मातीत झाकून तुम्ही फक्त ते हाड वर काढलंत आणि जोडायचं काम मला दिलंत, कारण हात हलका. परातीत वाळू घेतली, त्यात तुकडे उभे केले, डिंक लावला. खाच अरुंद बसायला लागली. मला वाटलं, छे, माझंच काही तरी चुकतंय, मायची खाच अशी नसते. एक कपची मध्ये बसवली, तुकडा जरा बाहेर ओढला, खाच रुंद झाली आणि माझं मन शांत झालं. कोणी सांगितलं नव्हतं. काय दिसायला पाहिजे ते मला आधीच माहीत होतं, बस. या धंद्यात याहून मोठी चूक नाही, हे तुम्हीच शिकवलेलं.

दोन वर्षांपूर्वी जुना डिंक पिवळा पडून सुटायला लागला म्हणून मी ते हाड परत काढलं. नखांचं पॉलिश काढायला जे वापरतात त्यानंच आम्ही जुना डिंक काढतो. तो काढला, कपची गळून पडली, ती त्या जागची नव्हतीच. दोन तुकडे एकमेकांत असे बसले, खटकन. आणि खाच अरुंद.

तुम्ही निवृत्त झाला होतात, पण दर मंगळवारी विभागात यायचात. त्या मंगळवारी मी परात तुमच्यापुढे सरकवली. तुम्ही चष्मा पुसलात, अंगठा खाचेत घातलात. बाईच्या खाचेत अंगठा हलतो. तुमचा हलेना.

‘कोनं जोडलं हे?’

‘मीच. तेव्हाही मीच जोडलं होतं सर.’

‘मंग तू तवा चुकली का आता चुकली?’

‘तेव्हा.’

मी तुमची खोदकामाची जुनी वही उघडून समोर ठेवली. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा बाईच्या मानानं मोठा असल्याची नोंद तुम्हीच केली होतीत, आणि पुढं तुमच्या तिरप्या अक्षरात दोन शब्द: दणकट बाई. मला हसू आलं. मी हसायला नको होतं.

‘दनकट बाया नसतात का वं?’ तुम्ही लालबुंद.

‘असतात की, मीच आहे! पण अंगठा बघा ना सर. बापच असेल असंही मी म्हणत नाही. आजा असेल, मामा असेल, हाडं नातं सांगत नाहीत. पण बाई नाही.’

तुम्ही वही मिटून बाजूला ठेवलीत. मग म्हणालात, ‘त्या टेकाडात आजून आठ-दहा मानसं झोपलेली हायेत. गोकर्णाबाईचा पोरगा दरसाल जेसीबी आनतो म्हनते, सपाट करून हरबरा पेरतो म्हनते. थे बाई त्याले आडवी पडते. काहून? मायलेकरू हाय म्हनून. तू जाऊन सांग तिले, का माय नाही, बाप्या मानूस हाय. मंग पाह्य टेकाड किती दिवस रायते तं.’

आणि मी जे बोलले ते परत घ्यायचं राहून गेलं. मी म्हणाले, ‘नाव जाईल म्हणून गावाला पुढं करताय सर तुम्ही.’

तुम्ही उठलात. दारात वळून म्हणालात, ‘मी मेलो का मंग छापजो.’

तीन मंगळवार आला नाहीत. चौथ्याला शेगावची कचोरी घेऊन आलात, सगळ्यांना वाटलीत, मला दोन दिलीत. विषय निघाला नाही. दोन वर्षं निघाला नाही. आपण सगळ्यावर बोललो, विद्यापीठाच्या राजकारणावर, मुक्ताच्या लग्न न करण्यावर, माझ्या बीपीच्या गोळ्यांवर. त्या हाडाच्या कपाटासमोरून जाताना दोघंही तिसरीकडे बघायचो. मी दुरुस्तीचा लेख लिहून ठेवला होता, दोन नावांनी, तुमचं आधी. तुमच्या होकाराशिवाय पाठवणार नव्हते. आता तुमची अट पूर्ण झाली, म्हणजे मला परवानगी मिळाली. आग लागो असल्या परवानगीला. मला तुम्ही हवे होतात, आणि तो लेख जन्मभर कपाटात सडला असता तरी चाललं असतं. हे तुम्हाला एकदा सांगायचं होतं.

आणखी एक सांगायचं होतं, तो मुद्दा तर मी पुढच्या मंगळवारासाठीच ठेवला होता. तुमची वानरी आठवा. पिल्लू घेऊन फिरते ती आई. त्यांच्यात नर नाही फिरत असा. मग आपल्या टेकाडात एक दांडगा पुरुष लेकराला कुशीत घेऊन झोपलाय, आणि त्याला तसं ठेवणाऱ्यांना ते योग्य वाटलं, ही केवढी मोठी गोष्ट झाली! तुमच्या पहिल्या तासाच्या प्रश्नाला हे जास्त चांगलं उत्तर नाही का? एका सांगाड्यावरून एवढं बोलू नये, हो, ऐकू येतंय मला. पण भांडायला काय मजा आली असती सर. तुमची चूक तुमच्या बरोबरपेक्षा मोठी निघाली, असं तुम्हाला तोंडावर म्हणायचं होतं मला.

फलकावर मी सही केली नाही. शिपायाला म्हटलं, दोन दिवस थांब. तुमची भीती खोटी होती की खरी, हे आधी बघायला पाहिजे. छापून आल्यावर गावाला कुठून तरी कळण्यापेक्षा, ज्या बाईनं टेकाड राखलं तिला मी तोंडानं सांगेन असं ठरवलं. टेकाड गेलं असतं तर ते माझ्या डोक्यावर आलं असतं, आणि तुम्ही खरे ठरला असता. काल सकाळी निघाले. मुक्ता म्हणाली, मीपण येते.

तिला गाडीत सगळं सांगितलं. मूर्तिजापूरला तिनं काच खाली केली. मग म्हणाली, ‘बाबांना माहीत होतं?’

‘हो.’

‘मग बोलले का नाहीत?’

‘भ्यायले, बेटा. टेकाडासाठी भ्यायले. मी त्यांना नावासाठी भ्यायलात म्हटलं.’

‘दोन्हीसाठी भ्यायले असतील,’ ती म्हणाली. तुमचीच पोरगी आहे, सर.

गोकर्णाबाई आता थकली. ओसरीत तूर निवडत बसली होती. शेजारी तिचा मुलगा रवी तंबाखू मळत. तुम्ही गेल्याचं तिला कळलं होतं, तिनं पदर डोळ्यांना लावला, ‘लय साधं मानूस व्हतं बाप्पा,’ म्हणाली. पाणी झालं, चहा झाला, तोच खारट. माझी जीभ काही उचलेना. पंचवीस वर्षं भाषणं देते मी, पण त्या ओसरीत तिच्यासोबत तुरीतले खडे वेचत बसले. शेवटी एका दमात सांगून टाकलं.

‘मावशी, टेकाडातली ती माय नाही. पुरुष आहे. हाड मीच चुकीचं जोडलं होतं. सरांची चूक नाही, माझी.’

‘बाप्या व्हय थो?’

‘हो.’

तिचा तुरीतला हात थांबला. रवीनं मान वर केली. ‘घ्या! मंग इतके दिवस नारळ कोनाले फोडून राह्यलो आपन? आता तं माय बी नाही तिथं. बुढे, आता तरी करू दे ना सपाट.’

तुम्ही म्हणाला होतात तसंच, शब्दाला शब्द. मला वाटलं, संपलं, हे मी माझ्या हातानं केलं.

‘गप बस,’ बाई म्हणाली. मोठ्यानं नाही, पण रवी गप्प बसला. ‘मी काय माय हाय म्हनून ठिवलं का थे? कोनी तरी आपलं लेकरू पोटाशी घेऊन झोपेल हाय तिथं. त्याच्यावर तू नांगर घालशीन? बाप्या असला म्हनून घालशीन?’

रवीनं तंबाखू तोंडात टाकली आणि उठून गोठ्याकडे गेला. विषय संपला, सर. दोन वर्षं तुम्ही ज्याला भीत होतात ते तेवढ्यात संपलं.

मग तिनं मुक्ताकडे पाहिलं. ‘हे पोरगी कोन वं?’

‘सरांची. मुक्ता. तेव्हा खोदकामावर होती ना, छोटी.’

‘आवं माय!’ बाईनं सूप बाजूला सारलं, मुक्ताचा चेहरा दोन्ही हातांत धरला. ‘हेच थे पोट्टी का? दुपारची त्या निंबाखाली बापाच्या हातावर डोकं ठिवून झोपे. तुहा बाप असा कुशीवर, हात तुह्या डोक्याखाली. मुंग्या आल्या तरी काढे नाही हात, तू उठशीन म्हनून. तिकडं खड्ड्यात बी तसंच झोपेल व्हतं न थे. मी, शेवंता आन् जनाबाई घमेले वाहून राह्यलो व्हतो. आमी तवाच म्हनलं एकमेकीले, हे तं सरावानीच दिसते बाई, हा बापच व्हय लेकराचा.’

सर, निंबाचं ते झाड खड्ड्यापासून दहा पावलांवर होतं. मी तिथं दोन महिने होते. मी तुम्हाला तसं झोपलेलं रोज पाहिलं असणार. मला एकदाही दिसलं नाही.

‘मग मावशी, तेव्हाच का नाही सांगितलंत आम्हाला?’

‘तुमी इचारलं काय?’ ती म्हणाली. रागानं नाही, सहज. ‘तुमी शिकले सवरले लोकं, भिंग लावून पाहत व्हते. तुमी माय म्हनलं. आमी म्हनलं, असन माय.’

मुक्ता रडली. दहा दिवसांत पहिल्यांदा रडली, ओसरीत, गोकर्णाबाईच्या मांडीवर डोकं ठेवून, चार वर्षांच्या पोरीसारखी. मला वाटत होतं तिचं रडूच आटून गेलंय, आता ती भीती गेली. परत येताना ती मागच्या सीटवर झोपली.

हाडाच्या बाबतीत आपण दोघंही चुकलो, सर. गोकर्णाबाईच्या बाबतीत मात्र तुम्ही एकटे चुकलात, आणि हे मी रविवारी सगळ्यांसमोर सांगणार आहे. जोरात सांगणार आहे. तुम्ही हयात असताना म्हणण्याची माझी हिंमत झाली नाही ते आणखी एक म्हणणार आहे, की ज्या माणसानं मला हाड वाचायला शिकवलं तो माझ्या बापानंतरचा माझा बाप होता. फलकावरचा ‘मायलेकरू’ शब्द काढायला सांगितला आहे. त्या जागी नुसतं तुमचं नाव राहील, तेवढं पुरे आहे.

आज सकाळी दुरुस्तीचा लेख उघडला. कपची कशी बसवली, कोणी बसवली, का बसवली, सगळं आहे त्यात, काही झाकलं नाही. ‘दणकट बाई’सुद्धा ठेवलंय, माफ करा. फक्त लेखकांच्या नावांची ओळ बदलली. सुरुवातीला गोकर्णाबाई, मग शेवंताबाई, मग जनाबाई, कारण ज्यांनी आधी ओळखलं त्यांचं नाव आधी, हा नियम तुमचाच. तुमचं नाव आता चौथं आहे, सर. माझं पाचवं.